हिरवं थोरल्याचं, पिवळं धाकट्याचं

सकाळी उठलं की आधी भिंत बघायची, मग चूल पेटवायची, ही माझी या दिवसांतली सवय. मागचं दार उघडते, डोळ्यांवरची झोप पुसते आणि अंगणातल्या भिंतीवर नजर टाकते. भिंतीवर काही नसलं की जीव भांड्यात पडतो. मग दिवसभर त्याच भांड्यात उकळत राहतो, ती गोष्ट वेगळी.

ही भिंत म्हणजे आमच्या आणि धाकट्या दिराच्या घरामधली. अर्ध्यावर आंब्याचं झाड आहे. वाटण्या झाल्या तेव्हा भिंत घालायला आलेल्या गवंड्यानं विचारलं, झाड कुणाच्या बाजूला घेऊ? दोघे भाऊ एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. मामंजी, म्हणजे माझे सासरे, विटांच्या ढिगावर बसले होते. ते म्हणाले, "झाड तोडायचं नाही, वाटायचं. हिरवं थोरल्याचं, पिवळं धाकट्याचं. आणि मी झाडाबरोबर." गवंड्यानं बुंध्याशी भिंत थांबवली आणि पलीकडून पुन्हा सुरू केली.

तेव्हापासून असं चालतं. मोहर आला की झाड आमचं आणि मामंजीही आमचे. कैऱ्या आम्ही उतरवायच्या, लोणची-मुरंबे करायचे. झाडावरच पिकून पहिलं फळ आपोआप खाली पडलं, म्हणजे पाड पडला, की झाड धाकटीचं, म्हणजे माझ्या जावेचं. पाड ज्याला सापडेल त्यानं तो भिंतीवर ठेवायचा, दोन्ही घरांना दिसेल असा. त्याच दिवशी धाकटी माणूस बोलावून सगळं झाड उतरवून घेते, पिकायला गवतात अढी घालते, आणि मामंजी आपली पत्र्याची पेटी घेऊन तिच्याकडे राहायला जातात ते पुढच्या मोहरापर्यंत. महिने मोजले तर धाकटीच्या वाट्याला जास्त येतात. पण ती कधी बोलून दाखवत नाही. न बोलणं हीच तिची बोलायची पद्धत आहे.

यंदा मोहरावर गारा पडल्या. फळ धरलं ते निम्म्याहून कमी. आणि नेमकं यंदाच मी खानावळवाल्याला शब्द देऊन बसले होते की त्याच्या वर्षभराच्या लोणच्याच्या बरण्या मी भरून देते. जीभ ही अशी, आधी बोलते आणि मग मला कामाला लावते. आता पाड जितका लांबेल तितक्या कैऱ्या माझ्या. उद्या पडला तर उद्या सगळं संपलं. त्यात उन्हानं नुसता जाळ काढला होता. असल्या उन्हात फळ पिकायला किती वेळ लागतो?

"मामंजी, फोडी लहान होतायत," मी म्हटलं.

मामंजी मागच्या पडवीत फळीवर पाय दुमडून बसले होते. फळीला जोडलेला मोठा अडकित्ता, त्यात कैरी धरायची आणि वरून पातं दाबायचं. कट्‌ आवाज होतो आणि बाठीसकट कैरी दुभंगते. हे काम वाटतं तेवढं सोपं नाही. प्रत्येक फोडीला बाठीचा कडक तुकडा चिकटून राहायला हवा, तरच फोड वर्षभर कुरकुरीत राहते. नाहीतर दोन महिन्यांत लोणच्याचा लगदा.

"कैरीच लहान आहे," ते म्हणाले.

"कैरी लहान नाही, तुमचं लक्ष नाही. सारखं झाडाकडे काय बघताय?"

"पाखरं बसतायत."

"बसू दे. तुम्ही फोडा."

त्यांनी पुढची कैरी घेतली, फडक्यानं चीक पुसला आणि कट्‌ केलं. त्यांच्या बोटांवर चिकाचे काळे डाग पडले होते, ओठाच्या कोपऱ्यात एक फोड उठला होता. मी त्यांना खोबरेल लावायला दिलं होतं, ते त्यांनी अडकित्त्याच्या खिळीला लावलं. या माणसाला काही सांगायचं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

मी फोडींना मीठ-हळद चोळत होते. हाताला जिथं जिथं चिरा होत्या तिथं तिथं मीठ चरचरत होतं. पडवीत मोहरी भरडलेल्याचा वास, चुलीवर तेल तापत होतं, दाराशी हिंग कुटून ठेवला होता. डाग पडलेल्या, पाखरांनी टोचलेल्या कैऱ्या मी बाजूला काढल्या होत्या, त्या किसून मुरंब्याला. अगदीच कोवळ्या होत्या त्या उकडून सरबताला. खरं सांगते, एवढ्या धावपळीतही मला हे दिवस आवडतात. कैरीचा वास आला की तोंडाला पाणी सुटतं आणि माणूस भांडण विसरतो. निदान जेवणापुरतं.

"जाऊबाई."

भिंतीवरून धाकटीचं डोकं वर आलं. ती पलीकडे पाटावर उभी राहते. केस विंचरलेले, कपाळाला घामाचा थेंब नाही.

"बोल."

"काही नाही. चटया धुऊन वाळवल्या. रस पसरायच्या परातीही घासून ठेवल्या."

"बरं केलंस."

"शाळेमागच्या झाडाला पाड लागला म्हणे. पाणवठ्यावरच्या झाडालाही."

"ती झाडं निराळी, हे निराळं."

"दरवर्षी ही तिन्ही झाडं एकदमच लागतात," ती म्हणाली आणि भिंतीच्या माथ्यावरून हात फिरवला, धूळ पुसल्यासारखा. "असो. येईल वेळेवर."

तिचं डोकं खाली गेलं. माझ्या हातातली मिठाची मूठ तशीच राहिली. 'असो' म्हणे. शिवी दिली असती तर परत तरी देता आली असती.

"ऐकलंत?" मी मामंजींना म्हटलं.

त्यांनी मान वर केली नाही. "हं," म्हणाले आणि एकाच कैरीवर दोनदा अडकित्ता दाबला.

दुसऱ्या दिवसापासून मी घाई केली. आमचे हे पंप दुरुस्तीला सकाळीच बाहेर पडतात, त्यांना जाण्याआधी जाळीची काठी घेऊन झाडावर चढवलं. माणूस कुरकुरला. "यंत्राचं काम करतो मी, माकडाचं नाही," म्हणाला. पण चढला. कैऱ्या जाळीत उतरत होत्या आणि मी खालून बघत होते. वरच्या फांद्यांवर काहींच्या देठाशी खांदे भरून आले होते, रंग फिका पडला होता. आज ना उद्या पाड पडणार हे आंधळ्यालाही कळलं असतं.

पण भिंत रिकामीच. परवाही रिकामी, तेरवाही.

मला आनंद व्हायला हवा होता. झालं उलटंच. मी फोडी वाळत घालायची आणि मध्येच उठून झाडाखाली जाऊन यायची. झाडाखाली एक पान दिसत नव्हतं. झाडलोट झालेली. मामंजी पहाटे उठून झाडाखालचं झाडून काढायचे. जन्मात ज्या माणसानं केरसुणी हातात धरली नाही, तो!

"तुम्हाला कुणी सांगितलं झाडायला?" मी एकदा विचारलं.

"पाय घसरतो पानांवरून."

"वाळक्या पानांवरून?"

"म्हाताऱ्याचा घसरतो," ते म्हणाले आणि अडकित्त्याशी जाऊन बसले. "आण कैऱ्या. नुसती उभी काय राहतेस?"

आता हे मला ओरडायला लागले. मी कैऱ्यांची पाटी त्यांच्यापुढे आदळली आणि म्हटलं, फोडी मोठ्या करा. ते म्हणाले, पाटी हळू ठेव, फळीला तडा जाईल. मी म्हटलं, जाऊ दे. असं आमचं दिवसभर चालायचं. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटायचं की या घरात भांडण पेटलंय. प्रत्यक्षात आम्ही दोघं कामात असायचो.

मग एका दुपारी धाकटी दारातून आली. भिंतीवरून नाही, रस्त्यानं फिरून, पुढच्या दारानं. म्हणजे काहीतरी होतं.

"चिमूटभर हिंग आहे का?"

हिंग दिला. ती लगेच गेली नाही. मधल्या खोलीत उभी राहिली, तिथं मामंजींची खाट आणि खाटेखाली त्यांची पेटी असते. तिनं नाकानं हळूच श्वास ओढला.

"गोड वास येतोय," ती म्हणाली.

"मुरंबा शिजतोय. साखर आहे त्यात."

"साखरेचा नाही. पिकल्याचा."

"तुझ्या नाकाला तुझ्या घरात काम नाही वाटतं."

ती हसली नाही, चिडली नाही. पुडी मुठीत धरून गेली. वास मलाही आला होता, तिच्या आधीच. सकाळपासून मी बरण्यांची झाकणं उघडून हुंगत होते की लोणचं तर आंबलं नाही ना.

संध्याकाळी ती परत आली आणि बरोबर भाऊजी, म्हणजे माझा धाकटा दीर. गिरणीतून तसाच आलेला, भुवयांवर पीठ. माणूस गरीब आहे स्वभावानं, बायकोच्या मागे अर्धं पाऊल ठेवून उभा राहतो. धाकटीच्या हातात केळीचं पान होतं आणि पानावर आंब्याची कोय. चोखून पांढरी झालेली, दशा अजून ओल्या.

"कुत्र्यानं आमच्या दारात आणून टाकली," ती म्हणाली. "तुमच्या उकिरड्यातून ओढताना मी बघितलं."

"मग?"

"ही या झाडाची आहे. बाठीला एका बाजूनं वाकडी चोच असते, ती या झाडाचीच."

मी कोय उचलून बघितली. चोच होती.

"म्हणजे मी पाड खाल्ला आणि लपवला, असं म्हणायचंय तुला?"

"मी काहीच म्हणत नाही, जाऊबाई. कोय दाखवली."

"म्हणत नाही, म्हणत नाही! अगं, म्हण की एकदाचं. तोंडात काय मूग भरलेत?" माझा आवाज चढला. कुंपणापलीकडची शिंपीण कपडे गोळा करायचं सोडून बघायला लागली. "या घरात आल्यापासून कुणाचा वाळका पाचोळा उचलला नाही मी. कैरीसाठी खोटं बोलेन? माझ्या डोळ्यांची शपथ, एकही पाड मी बघितलेला नाही."

हे तेवढ्यात सायकलवरून उतरले. त्यांना कोय दाखवली गेली, सगळं सांगितलं गेलं. मला वाटलं, आता हा माणूस माझ्या बाजूनं उभा राहील. तो सायकलला स्टँड लावत म्हणाला, "एकदा घरात बघून घे ना. काय बिघडतं?"

काय बिघडतं. एवढी वर्षं संसार करून माणसानं हे विचारावं. माझ्या कानशिलाला कुणी चटका द्यावा तसं झालं.

"उद्या संध्याकाळी या," मी भाऊजींना म्हटलं. "बघून ठेवते. सापडलं तर तुमच्यापुढे ठेवीन."

मामंजी त्या वेळी पडवीत होते. अडकित्त्याचा आवाज बंद होता.

दुसऱ्या दिवशी हे गेल्यावर मी घर उलटं केलं. बरण्यांमागे, धान्याच्या कोठीत, पाटावरवंट्याखाली, माळ्यावर. आणि हे सगळं करताना मनातून मला कळत होतं की वास मधल्या खोलीतला आहे, आणि मी मधली खोली सोडून सगळीकडे बघत होते. शेवटी खाटेखालून पेटी ओढली. कुलूप नव्हतं. मामंजींनी कधी कुलूप लावलं नाही.

वर चादर, चष्म्याचं घर, सासूबाईंचा एक फोटो. खाली त्यांचा ठेवणीतला पांढरा सदरा, आणि सदऱ्यात गुंडाळलेले आंबे. पाच-सहा असतील. पिवळेजर्द. खालचा एक फुटून रस सदऱ्याच्या पाठीत मुरला होता. नाकात वास भसकन शिरला.

"ठेव ते," मागून आवाज आला.

मामंजी दारात उभे होते, हातात अडकित्ता पुसायचं फडकं.

मी तिथूनच वळले.

"मामंजी, हे काय? माझ्या डोळ्यांची शपथ घेतली मी काल. चारचौघांत. शिंपीण ऐकत होती."

"ऐकली मी."

"मग बोलला का नाहीत?"

ते खाटेवर बसले. फडक्याची घडी केली, मोडली, पुन्हा केली.

"फेकता येईनात," ते म्हणाले. "आंबा काय फेकायचा? एक खाल्ला. बाकीचे खाल्ले तर पोट बिघडलं असतं."

"अहो, पण उचललेतच कशाला? भिंतीवर ठेवायचे ना? नियम तुमचाच ना?"

"माझाच."

"मग?"

"मला तिकडं जायचं नाही," मामंजी म्हणाले.

मी पेटीशी तशीच बसून राहिले. धाकटीकडे यांना काय कमी? पुढची खोली यांना दिलेली, वर पंखा, समोर टीव्ही, पाठीला उशी. चहा कपबशीत, जागेवर. मी इथं पितळी पेल्यात देते आणि वर ओरडते की पेला विसळून ठेवा.

"धाकटी काही बोलली का?"

"ती कधी बोलते का? सोन्यासारखी आहे पोर. काही चुकत नाही तिचं." त्यांनी बोटांवरचे चिकाचे डाग बघितले. "पाणी घ्यायला उठलो की धावत येते. तुम्ही बसा, मामंजी. विळी घेतली हातात तर काढून घेते. तुम्ही बसा. मी नुसता बसतो. पाहुणा बसतो तसा. पाहुणा चार दिवस असतो, बाई. मी मोहर येईपर्यंत पाहुणा."

"आणि इथं? इथं मी दिवसभर तुमच्यावर खेकसत असते."

"कामाच्या माणसावरच खेकसतात," ते म्हणाले. "बसलेल्याला कोण बोलतं?"

मला राग आला होता, तो कुठं ठेवावा ते कळेना. या म्हाताऱ्यानं माझं नाव मातीत घातलं होतं, आणि त्याच म्हाताऱ्याला पोटाशी धरावंसं वाटत होतं. सासऱ्याला काही तसं धरता येत नाही. मी पेटीतला फुटका आंबा काढला आणि बाहेर जाऊन रस्त्यावरच्या गाईला घातला.

"संध्याकाळी मी सांगतो त्यांना," मामंजी आतून म्हणाले.

मी दिवसभर त्याचाच विचार करत होते. सांगतील. काय सांगतील? सुनेकडे राहायला जायला नको म्हणून सासऱ्यानं आंबे चोरले. धाकटी ते ऐकून काहीच बोलणार नाही. चूल पेटवेल, चहा करेल, कपबशीत देईल, आणि मरेपर्यंत तिच्या मनातून ते जायचं नाही. आणि हा माणूस तिच्या पुढच्या खोलीत पंख्याखाली मान खाली घालून बसेल. मी एक वेळ शिव्या खाऊन पचवते. माझी पचनशक्ती चांगली आहे.

संध्याकाळी सगळे पडवीत जमले. मी आंबे ताटात घालून मधोमध ठेवले.

"हे घ्या," मी म्हटलं. "सापडले."

मामंजींनी खाकरून घसा साफ केला. "ऐका, ते मी—"

"तुम्ही मध्ये बोलू नका, मामंजी," मी म्हटलं. "बायकांचं चाललंय. मीच ठेवले होते. बरण्या भरायच्या राहिल्या होत्या, खानावळवाल्याला शब्द दिला होता. झाली बुद्धी."

भाऊजी पिठाच्या भुवया वर करून जमिनीकडे बघत राहिले. आमच्या ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी ह्यांच्या पंपात वाळू टाकलीय. धाकटीनं ताटातला एक आंबा उचलला, देठ हुंगला, परत ठेवला.

"डोळ्यांची शपथ घेतली होतीत," ती म्हणाली.

"घेतली होती."

"मागितलं असतंत तर चार दिवस थांबले असते मी."

हे मात्र लागलं. खरंच थांबली असती ती. मी खाली मान घातली, आणि माझी मान अशी खाली गेलेली त्या घरानं कधी बघितली नव्हती.

भाऊजी हळूच म्हणाले, "दरवर्षी आम्ही तुम्हाला पिकल्या आंब्यांची पाटी देतो. यंदा..."

"यंदा नको," मी म्हटलं. "रास्त आहे. मला फक्त कोयी द्या."

"कोयी?"

"रस काढलात की कोयी टाकूनच देता ना? त्या द्या. वाळवीन, फोडून आतली गिरी काढीन. मिठात भाजली की तोंडात टाकायला बरी लागते."

भाऊजींना हसू आलं. "एवढ्या कोयी फोडणार कोण?"

"मामंजी. दुसऱ्या कुणाला त्या अडकित्त्याची खिळी सांभाळता येते?"

धाकटीचा चेहरा पहिल्यांदा हलला. "ते आमच्याकडे असणार. तुमच्याकडे कामाला पाठवू त्यांना? लोक काय म्हणतील? थोरली सून म्हाताऱ्याला राबवून घेते म्हणतील."

"माझं नाव आज गेलंच आहे," मी म्हटलं. "त्यात तेवढं घाल."

जेवताना आमचे हे खूप वेळ ताटातला भात चिवडत होते. शेवटी म्हणाले, "तू भांडखोर आहेस. पण लबाड नाहीस."

"जेवा," मी म्हटलं. "निवतंय."

पुढच्या दिवशी झाड उतरलं. मामंजी पेटी घेऊन गेले, सदरा तसाच पेटीच्या तळाशी. मला धुवायचं सुचलं नाही, आणि सुचलं तेव्हा पेटी भिंतीपलीकडे होती. शिंपीण रस्त्यात भेटली तर "आंबे गोड होते का यंदा?" असं विचारून गेली. खानावळवाल्याला निरोप धाडला की निम्म्याच बरण्या होतील. त्यानं निरोप्याकडे काय सांगून पाठवलं ते ह्यांनी मला सांगितलं नाही.

घरात मला बसवेना. तेल तापवून गार करायचं, फोडींवर ओतायचं, बरण्यांची तोंडं फडक्यानं बांधायची, हे सगळं केलं. उरलेल्या कैऱ्या अडकित्त्यात धरल्या तर अंगठ्याला पातं लागलं. कैरीचं आंबट जखमेत गेलं की काय होतं ते ज्याचं त्यानं जाणावं. ओरडायला तोंड उघडलं, पण ओरडायचं कुणावर? दुपारी भिंतीपलीकडून टीव्हीचा आवाज यायचा. एकदा मी बुंध्याशेजारच्या फटीतून बघितलं. पुढच्या खोलीच्या दारातून मामंजींचे पाय दिसत होते, चटईवर नीट जुळवून ठेवलेले. बोटांवरचे डाग गेले होते.

चारेक दिवसांनी मी बरण्या पुसत होते, तर "जाऊबाई" अशी हाक आली. भिंतीवर धाकटीचं डोकं, आणि भिंतीवर पसरलेला ओला पांढरा सदरा.

"आंब्याचा डाग कशानं जातो?" तिनं विचारलं.

माझ्या हातातलं फडकं थांबलं. सदऱ्याच्या पाठीत मोठा पिवळा डाग होता. ती माझ्याकडे बघत होती आणि मी डागाकडे.

"जात नाही," मी म्हटलं.

"हो. मी साबण लावला, लिंबू लावलं. चार दिवस मुरला की नाहीच जात." ती सदरा घडी करायला लागली. सावकाश, बाह्या आत घेऊन. "पेटीत तळाशी होता. तुम्ही त्यांच्या पेटीला कधी हात लावत नाही. मला माहीत आहे."

मी काही बोलले नाही. आयुष्यात एकदा मलाही ते जमलं.

ती खाली वाकली आणि दोन्ही हातांनी एक पाटी उचलून भिंतीवर ठेवली. पाटीत कैऱ्या होत्या. हिरव्यागार, कडक.

"अढी घालताना निवडून काढल्या. पुरत्या भरल्या नाहीत, पिकायच्या नाहीत, पण बाठ धरलीय. अशा अजून दोन पाट्या आहेत." मग जरा थांबून म्हणाली, "मला वाटायचं, मी त्यांना किती आराम देते."

"देतेस की," मी म्हटलं. "तुझं काही चुकत नाही. तेही तेच म्हणाले."

तिनं पदरानं डोळे नाही, कपाळ पुसलं. तिला घाम आलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला.

"कोयी निघायला वेळ आहे," ती म्हणाली. "पण ह्या आजच फोडायला हव्यात, नाहीतर मऊ पडतील. पाठवते त्यांना."

थोड्या वेळानं मामंजी रस्त्यानं फिरून आले. पायांत चपला नव्हत्या, घाईत विसरले असणार. डागाचा सदरा ओलाच अंगात घातला होता. पडवीच्या पायरीशी येऊन उभे राहिले. आत यावं की नाही असं त्यांच्या पायांना वाटत होतं.

मी पाटी त्यांच्यापुढे आदळली.

"उभे काय राहिलात? ऊन उतरायला लागलं. आणि फोडी मोठ्या करा, मागच्या खेपेसारख्या नकोत," मी म्हटलं, आणि भिंतीपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं.

मामंजी फळीवर पाय दुमडून बसले, पात्यावर अंगठा फिरवून बघितला.

"धार घालवलीस याची," ते म्हणाले. "आण तो दगड इकडे."